भरताचं पाडस आणि पोल्ट्रीतली कोंबडी



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध ५, अध्याय ८. सोबत भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १३.

आज चिंतन नेहमीपेक्षा लांबलंय. लोकलमध्ये वाचणाऱ्यांनी दोन स्टेशनांऐवजी पाच स्टेशनं धरावीत.

आधी गोष्ट. ऋषभदेवांचा थोरला मुलगा भरत. याच्याच नावावरून या भूमीला भारतवर्ष म्हणतात, असं भागवत सांगतं. मोठं राज्य केलं, मग सगळं मुलांच्या हाती देऊन तो गंडकीकाठी पुलहाश्रमात एकटा राहायला गेला. फुलं वेचावीत, कंदमुळं आणावीत, भगवंताची पूजा करावी, एवढंच आयुष्य. एके दिवशी नदीवर जप चालू असताना एक गाभण हरिणी पाण्यावर आली. तेवढ्यात सिंहाची डरकाळी झाली. हरिणीने घाबरून उडी मारली, त्या धक्क्याने पाडस पोटातून निसटून प्रवाहात पडलं, आणि ती पलीकडे जाऊन मेली. भरताने ते वाहतं पाडस उचललं आणि आश्रमात आणलं.

इथपर्यंत सगळं उत्तम. पुढे मात्र गाडी हळूहळू घसरते. पाडसाला चारा आणायचा, लांडग्यांपासून राखायचं, खाजवायचं, कुरवाळायचं, रानात जाताना खांद्यावर घ्यायचं. एकेक नेम सुटत गेला. पूजेच्या मधेच उठून ते दिसतंय का बघायचं. दिसलं नाही की जीव कासावीस. शेवटी मरणाच्या वेळी पाडस मुलासारखं उशाशी बसलेलं, आणि भरताची नजर त्याच्यावर. पुढचा जन्म हरणाचा.

आपल्याकडे ही गोष्ट कीर्तनात बहुतेक वेळा एकाच कामासाठी येते : मुक्या जनावरात जीव अडकवू नका.

हाच दाखला देऊन एका मुलीला घरात गप्प केलं गेलं, आणि तिने तो प्रश्न आपल्या रविवारच्या सत्संगात आणला. ती पुण्याच्या बाहेर, अंगण असलेल्या घरात राहते. दीड वर्षापूर्वी अंड्यांच्या पोल्ट्रीतून काढून टाकलेल्या चार कोंबड्या तिने आणल्या. एक गेली, तीन आहेत. पहिले काही महिने त्या अधूनमधून अंडी द्यायच्या, आता देत नाहीत. घरचे म्हणतात, देऊन टाक आता कुणाला तरी. "कुणाला तरी म्हणजे कुणाला, ते आमच्या घरात सगळ्यांना माहितीये," ती म्हणाली. ती रडली तेव्हा काका म्हणाले, तुझा भरत होणार बघ. तर तिचा प्रश्न असा : "दादा, हा मोह आहे का?"

प्रश्न लहान नाही. तीन जीव आहेत, आणि शास्त्राचा दाखला त्यांच्या विरुद्ध वापरला जातोय. म्हणून आज नीट बघू.

ही कोंबडी आहे तरी कोण

उत्तर शास्त्रात शोधण्याआधी समोर बसलेला जीव कोण आहे ते कळायला हवं. आपण शहरातली माणसं, कोंबडी बघतो ती दुकानाच्या जाळीत नाहीतर ताटात.

सगळ्या पाळीव कोंबड्या मुळात रानकोंबड्याच्या वंशातल्या. रानातली मादी वर्षाकाठी साधारण दहा-पंधरा अंडी घालते, तीही पिल्लं उबवायची म्हणून. निवड करत करत माणसाने जी अंड्यांची जात बनवली, ती वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. प्रत्येक अंड्याच्या कवचाला कॅल्शियम लागतं. खाण्यातून पुरलं नाही तर ते तिच्या हाडांतून निघतं. म्हणून या कोंबड्यांची हाडं ठिसूळ होतात, मोडतात. अंडनलिकेचे आजार त्यांच्यात सर्रास होतात.

आपल्याकडे बहुतेक मोठ्या अंडी-पोल्ट्र्यांत त्या तारेच्या पिंजऱ्यात असतात. एका कोंबडीच्या वाट्याला येणारी जागा साधारण ए४ कागदाएवढी, कधी त्याहून कमी. पंख पूर्ण पसरता येत नाहीत. एकमेकींना टोचू नये म्हणून लहानपणीच चोचीचं टोक कापलेलं असतं. साधारण सव्वा ते दीड वर्षाची झाली, अंडी कमी झाली, की तिचा हिशोब संपतो आणि ती कापायला जाते. नीट सांभाळली तर कोंबडी पाच ते आठ वर्षं, कधी जास्तही जगते. आणि या जातीचा नर अंडी देत नाही, मांसालाही परवडत नाही, म्हणून नर पिल्लं अंड्यातून बाहेर आल्या दिवशीच मारली जातात. पाकिटावर 'फ्री रेंज' लिहिलेलं असलं तरी त्या कोंबडीचा भाऊ बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी गेलेला असतो.

यावर कायद्यातही विचार झालाय. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. प्राण्याला हालचालीला वाव मिळणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं हा त्यातल्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. २०१७ मध्ये भारताच्या विधी आयोगाने २६९ वा अहवाल दिला, तो याच विषयावर : अंड्याच्या आणि मांसाच्या कोंबड्या कशा ठेवाव्यात, कशा न्याव्यात.

पण मला सगळ्यात जास्त हलवून गेली ती वेगळीच एक गोष्ट. कोंबडीला धुळीत अंघोळ करायची उपजत ओढ असते. पाय आखडून मातीत बसायचं, पंखांनी धूळ अंगावर उडवायची, मग उठून सगळं झटकायचं. जन्मापासून तारेवर राहिलेली, मातीचा कणही न बघितलेली कोंबडी ही अंघोळ तारेवरच करायला बघते. धूळ नसतेच, पण ती तशीच पंख फडफडवते.

मंडळी, ज्या गोष्टीला ती कधी भेटली नाही तिचीसुद्धा तिला आठवण आहे. कोणी दिली ही आठवण? साधकाला तरी दुसरं काय सांगायचं असतं? आपणही कधी न पाहिलेल्या कशाची तरी ओढ घेऊनच इथे आलोय.

रोहिणखेडचं अंगण

आता दुसरं टोक बघू. बुलढाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यात रोहिणखेड आहे. इतिहासाच्या पुस्तकात हे गाव जुन्या सुलतानांच्या लढायांसाठी येतं. माझ्यासाठी ते आत्याचं गाव. आत्याच्या परसात गावरान कोंबड्या असायच्या, आजही आहेत. रात्री डाल्याखाली झाकायच्या, तांबडं फुटलं की सोडायच्या. दिवसभर त्या उकिरड्यावर, गोठ्यात, शेजाऱ्याच्या वाड्यात. सकाळी ज्वारीची मूठ पडते, बाकीचं ज्याचं त्याने बघायचं. आत्याने कधी कोणाला नाव ठेवलं नाही, पण संध्याकाळी एक कमी असली तर कोणती कमी आहे ते तिला न मोजता कळतं.

खुडूक बसलेल्या कोंबडीकडे बघण्यासारखं असतं. एकवीस दिवस ती अंड्यांवरून जेमतेम उठते. पिल्लं फुटायच्या आधी अंड्याच्या आतूनच बारीक आवाज करतात आणि आई बाहेरून उत्तर देते. चाणक्यनीतीत कोंबड्याकडून चार गोष्टी शिकाव्यात असं सांगितलंय : वेळेवर उठणं, लढायला मागे न हटणं, मिळालेलं आपल्या माणसांत वाटणं आणि स्वतःच्या मेहनतीचं खाणं. वाटण्याचं तर डोळ्यांनी दिसतं. कोंबड्याला दाणा सापडला की तो विशिष्ट आवाज काढतो, दाणा उचलतो, टाकतो, आणि कोंबड्या आल्या की त्यांना खाऊ देतो. (यात कोंबड्यांवर छाप पाडायचा डाव असतो असं अभ्यासक म्हणतात. असेना! वाटतो तर खरा.)

एकदा मी आत्याला विचारलं, घारीने पिल्लू नेलं तर वाईट नाही वाटत? ती म्हणाली, "वाटते ना बाप्पा. पण तिले कोंडून ठेवलं तं मंग ते कोंबडी कायची?"

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण गावाकडचं चित्र गोड करून सांगायचं नाही. आत्याच्या अंगणातली कोंबडीसुद्धा पाहुणा आला की, आठवडी बाजाराला पैसे लागले की, कोणाचा नवस फेडायचा झाला की जाते. अंडी थांबली की तिचा नंबर आधी लागतो. गरिबाघरी ती चालतीबोलती गुल्लक असते, ऐन अडचणीत मोडायची. पुण्या-मुंबईत बसून त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही, आणि आजचा लेख कोणाच्या ताटात डोकावण्यासाठीही नाही.

मात्र दोन चित्रं शेजारी ठेवली की एक गोष्ट दिसते. रोहिणखेडच्या कोंबडीला मोकळीक आहे, पण उपयोग संपल्यावर अभय नाही. पुण्याच्या त्या तिघींना अभय मिळालं. आता प्रश्न हा की त्यांना मोकळीकही मिळणार का, की भरताच्या पाडसासारखं त्यांचं खेळणं होणार? अभय आणि मोकळीक, दोन्ही एकत्र देणारं जे प्रेम, त्याचं नाव काय?

निर्मम

त्याचं नाव आज वाचलेल्या गीतेच्या श्लोकात आहे. बाराव्या अध्यायात भगवंत आपल्याला प्रिय असलेल्या भक्ताचं वर्णन करू लागतात. पहिल्याच ओळीत सांगतात की तो कोणत्याही जीवाचा द्वेष करत नाही, सगळ्यांशी मैत्रीने वागतो, त्याच्यात करुणा असते. आणि लगेच पुढचा शब्द येतो : निर्मम.

आज हा शब्द आपण कसा वापरतो? निर्मम म्हणजे निष्ठुर, काळीज नसलेला. गीतेत तो करुणेच्या अगदी शेजारी बसलाय. अर्थ साधा आहे : 'मम', म्हणजे 'माझं', हे ज्याच्यात उरलं नाही तो. आपल्या भाषेत हा शब्द फिरत फिरत 'निर्दय' कसा झाला असेल? मला वाटतं, आपल्याला 'माझं' म्हटल्याशिवाय दया करताच येत नाही, म्हणून. ज्याच्यात 'माझं' नाही तो दयाळू असेल हे आपल्या कल्पनेतच बसत नाही. जो माझ्या कुत्र्याला 'माझं' म्हणत नाही, त्याला त्याचं काय पडलंय? असा आपला हिशोब.

भगवंतांचा हिशोब उलटा आहे. करुणा आणि 'माझं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली टिकवायची तर दुसरी सोडावी लागते.

आता भरताकडे परत बघा. तो घसरला कुठे? पाडस उचलताना? मला तसं वाटत नाही. जप चालू असताना समोर जीव वाहून जातोय आणि हा डोळे मिटून बसला असता, तर भागवताने त्याचं कौतुक केलं असतं का? याच भागवतात तिसऱ्या स्कंधात कपिल महामुनी आपल्या आईला, देवहूतीला सांगतात की जो सगळ्या जीवांमध्ये असलेल्या मला ओलांडून फक्त मूर्तीची पूजा करतो, त्याची पूजा म्हणजे राखेत टाकलेली आहुती. ज्या ग्रंथात हे आहे, तो ग्रंथ पाडस बुडू द्यायला सांगणार नाही.

घसरण नंतरची आहे. पाडस मोठं झालं, पायावर उभं राहिलं, रान समोर होतं, तरी भरत त्याला खांद्यावरच घेऊन फिरतोय. ते रानात गेलं की याला भीती, परत आलं की याला सुख. आता तिथे पाडसाच्या गरजेपेक्षा भरताची गरज मोठी झालीय. सुरुवातीला करुणा होती, तिच्या जागी 'माझं' कधी येऊन बसलं ते त्याला कळलंच नाही.

आणि याचा पुरावा? तो गोष्टीच्या पुढच्या भागात आहे, जो कीर्तनात वेळ संपल्यामुळे बऱ्याचदा राहून जातो. हरणाचा जन्म संपवून भरत ब्राह्मणाच्या घरी जन्माला येतो. लोक त्याला वेडा समजतात, जडभरत म्हणतात. एकदा राजा रहूगणाची पालखी उचलायला माणूस कमी पडतो, याला धरून जुंपतात. पालखीला हिसके बसू लागतात. राजा चिडतो. का बसत होते हिसके? कारण जडभरत पुढची जमीन बघून, पायाखाली कोणता जीव येऊ नये म्हणून जपून पाऊल टाकत होता. बाकीच्या भोयांशी त्याची चाल जुळत नव्हती.

एका हरणापायी ज्याचा अख्खा जन्म गेला, तो माणूस पुढे काय शिकला? जनावरांपासून लांब राहायचं, असं तो शिकला असता तर समजण्यासारखं होतं. पण तो मुंगीलासुद्धा वाचवत चालतोय! करुणा कमी झाली नाही, उलट पसरली. आधी ती एका पाडसावर होती, आता पायाखालच्या प्रत्येक जीवावर आहे. गेलं ते फक्त 'माझं'.

तेव्हा काकांना नम्रपणे सांगावंसं वाटतं : तुझा भरत होईल म्हणता, तर गोष्ट शेवटपर्यंत सांगा.

संतांनी बांधून ठेवलं नाही

आपल्या वारकरी परंपरेतल्या दोन कथा सगळ्यांना पाठ आहेत. पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. काशीहून रामेश्वराला नेत असलेलं गंगेचं पाणी एकनाथ महाराजांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. दोन्ही कथांमध्ये एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. नामदेवांनी त्या कुत्र्याला पट्टा बांधून घरी आणल्याचं कथा सांगत नाही. नाथांनी गाढवाला नाव ठेवून सोबत घेतलं नाही. ज्याला जे हवं होतं ते दिलं, आणि तो जीव आपल्या वाटेने गेला.

आता कोणी म्हणेल, कोंबडीला कुठे सोडणार? बरोबर आहे. पोल्ट्रीतली कोंबडी रस्त्यावर सोडली तर दोन दिवस टिकणार नाही. कुत्री-मांजरं आहेत, आणि तिला स्वतःचं पोट भरायची सवयच नाही. चाळीस दिवसांत दोन किलोची होईल अशी बनवलेली ब्रॉयलर तर स्वतःच्या वजनानेच पायातून जाते. या जीवांना माणसाने असं घडवलंय की आता त्यांना माणसाची गरज लागते. म्हणून इथे 'सोडणं' म्हणजे हाकलणं नाही. सांभाळायचं, पण कोंबडीला कोंबडी राहू द्यायचं. आत्याचं वाक्य आठवा : कोंडून ठेवलं तर मग ती कोंबडी कसली?

गीतेच्या पाचव्या अध्यायातला अठरावा श्लोक आपण मागे बघितलाय. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने सगळ्यात खाली ढकललेला माणूस, या सगळ्यांत ज्ञानी एकच बघतो. पण तिथे बघणं समान आहे. हत्तीला आणि कुत्र्याला एकच चारा घालायला सांगितलेलं नाही. ज्याचा जो स्वभाव, त्याप्रमाणे त्याला मिळावं. कोंबडीला फ्रॉक नको, केक नको, मांडीवर बसून रील नको. तिला माती हवी, ऊन हवं, रात्री बसायला उंचावर दांडी हवी, आणि सोबतीला कोंबड्या हव्यात. एकटी कोंबडी झुरते.

आणि उपयोग संपल्यावरचं काय? मंडळी, 'भाकड' शब्द आपण गाईला लावतो, आणि भाकड गाय विकू नये, गोशाळेत द्यावी, असं निदान म्हणतो तरी. भाकड कोंबडीसाठी भाषेत धड हळहळसुद्धा नाही. निष्काम कर्मावर आपण स्टेटस ठेवतो. निष्काम प्रेमाची परीक्षा इथे आहे : जिच्याकडून आता अंडंही मिळणार नाही, जी हाक मारल्यावर कुत्र्यासारखी शेपूटही हलवणार नाही, तिच्यापुढे रोज सकाळी दाणे टाकता येतात का? फळाची आशा नसलेलं कर्म याहून स्वच्छ कुठे सापडणार?

अवघड जागा

इथे थांबलो तर लेख सोपा होईल, पण खरा होणार नाही.

२००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला. तिथे मोठ्या पोल्ट्र्या होत्या. मार्चमध्ये तो जळगाव जिल्ह्यातल्या गावांत, लोकांच्या परसातल्या कोंबड्यांत आढळला. जळगाव जिल्हा मोताळा तालुक्याला लागूनच आहे. सरकारी पथकं आली आणि बाधित ठिकाणाभोवती ठरवलेल्या टापूतल्या सगळ्या कोंबड्या मारल्या गेल्या, आजारी असोत की ठणठणीत. रोग माणसांत आणि पुढच्या गावांत पसरू नये म्हणून.

त्या दिवशी एखाद्या अंगणात अशीच प्रेमाने राखलेली कोंबडी असेल, तर तिच्या माणसाने काय करायचं? लपवायची?

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचं विवेचन येतं, तेव्हा माउली सोपी वाट धरत नाहीत. एक जीव राखण्यासाठी दुसरा जीव मारायचा, यज्ञात असो की औषधोपचारात, हे सगळं ते समोर मांडतात, आणि फांद्या तोडून त्यांचंच कुंपण झाडाला घालण्यासारखं हे आहे असं सुचवतात. आणि मग खरी अहिंसा कशी असते ते सांगताना ते चालण्याकडे, हात उचलण्याकडे, बघण्याकडे, बोलण्याकडे येतात. जणू सांगतात की हिंसा टाळायची जागा शेवटच्या क्षणी नसते, ती रोजच्या वागण्यात आधीच असते.

त्या कोंबड्या मारणं योग्य की अयोग्य, याचा निकाल मी देणार नाही. पण 'माझं' ओळखायची खूण इथे सापडते. माझी एक वाचावी म्हणून शेजारच्या शंभर कोंबड्या, त्यांना हाताळणारी पोरंबाळं धोक्यात आली तरी चालतील, असं वाटलं तर समजावं की पाडस खांद्यावर चढलंय. प्रेम एकीवर असेल, पण जबाबदारी सगळ्यांची आहे. म्हणून रोजचं वागणं : हात धुणं, खुराडं स्वच्छ ठेवणं, त्यांचं दाणापाणी रानपाखरांच्या वावरापासून दूर ठेवणं, अचानक पक्षी मेले तर लपवून न पुरता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवणं. शेजाऱ्याला वास येऊ नये हेसुद्धा त्यातच आलं. हेही अहिंसेचंच आचरण आहे, भले ते फोटोत चांगलं दिसत नसेल.

आणखी एक टोचणारी गोष्ट. दुकानातून पैसे देऊन 'वाचवलेली' कोंबडी दुकानदाराच्या वहीत विक्री म्हणूनच लागते. तिच्या जागी संध्याकाळी दुसरी येते. म्हणून एक वाचवली आणि घरातली अंड्यांची पाकिटं तशीच येत राहिली, तर आपण कोणाला फसवतोय? ज्याने त्याने आपल्या घरापुरतं याचं उत्तर शोधावं. पण अंगणातल्या तिघींकडे बघताना पिंजऱ्यातल्या बाकीच्या आठवत असतील, तरच ती करुणा. नाहीतर तो छंद.

तर, ताई...

तुझ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं. त्या तिघींना देऊन टाकू नकोस. ज्यांना तू अभय दिलंस, त्यांच्या बाबतीत 'अंडी थांबली' हे कारण होऊच शकत नाही. अंड्यांसाठी तू त्यांना आणलं नव्हतंस. घरच्यांशी भांडू नकोस. दाण्याचा खर्च, साफसफाई, सुट्टीत कोण बघणार, याची जबाबदारी स्वतःवर घे, आणि ती दिसू दे. बहुतेक घरांत विरोध जीवाला नसतो, वाढलेल्या कामाला असतो.

आणि मनाची तयारी ठेव. या कोंबड्या फार जगत नाहीत. शरीर आधीच झिजलेलं असतं. एका सकाळी एक जण उठणार नाही. तेव्हा रडू आलं तर तो मोह झाला असं समजू नकोस. रामायणात जटायू मरतो तेव्हा प्रभू राम रडतात. एका पक्ष्यासाठी रडतात, स्वतःच्या हाताने त्याला अग्नी देतात, जसा पित्याला द्यावा. आणि मग उठून सीतेच्या शोधाला पुढे निघतात. दुःख पूर्ण केलं, अंत्यसंस्कार पूर्ण केले, आणि काम थांबवलं नाही. मोह आणि प्रेम यांतला फरक डोळ्यांतल्या पाण्यावरून ठरत नाही. नंतर आपण उठतो का, यावरून ठरतो.

त्या दिवशी उरलेल्या दोघींना दाणे टाकायला उठ. आणि पूजेची वेळ झाली की पूजेला बस. मन अंगणात पळालं तर पळू दे, परत आण. भरताच्या हातून हेच राहून गेलं होतं.

आजचा संकल्प (ज्यांच्याकडे कोंबडी, मांजर, कुत्रा काहीच नाही त्यांच्यासाठीसुद्धा) : आज एका जीवाला, ज्याच्याकडून मला काहीच मिळणार नाही, त्याला हवं ते देईन. मला आवडतं ते नाही, त्याला हवं ते. फोटो काढणार नाही, आणि दिल्यावर 'माझं' म्हणणार नाही.

उद्या अध्याय ९ : जडभरताचा जन्म. वाचून या.

राम कृष्ण हरी 🙏